‘दिसलं, मॅडम’ : मोबाइलवरून डोळा तपासायला शिकवताना ठेवलेल्या नोंदी

नेत्रविभागात शिकवणाऱ्या आणि असं काही आपल्याकडे करून बघू म्हणणाऱ्यांसाठी या नोंदी ठेवते आहे. पुण्यातलं मेडिकल कॉलेज, विभागात पोस्टिंगला एका वेळी दहा-बारा विद्यार्थी, आणि हातात फार पैसे नाहीत.

सोमवार, ७ जुलै २०२५

वॉर्डात एका काकांच्या डाव्या डोळ्यात पूर्ण पिकलेला मोतीबिंदू आहे. टॉर्च मारला की बाहुलीत पांढरं दिसतं. आज बारा मुलांना डायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोप, म्हणजे डोळ्याच्या आत बघायचं हातातलं यंत्र, देऊन काकांचे दोन्ही डोळे बघायला लावले आणि जे दिसलं ते कागदावर लिहायला सांगितलं. डाव्या डोळ्यापुढे पाच जणांनी लिहिलं, ‘डिस्क गोल, कडा स्पष्ट, कप-डिस्क प्रमाण ०.३’. डिस्क म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यावर (रेटिनावर) नस सुरू होते ती गोल जागा, कप म्हणजे तिच्यातला खळगा. त्या डोळ्यातून मला स्वतःला पडद्याचा मागमूसही दिसत नाही.

मुलं खोटारडी नाहीत. एकाच्या मागे अकरा जण उभे असतात, पेशंटच्या डोळ्यातून पाणी गळत असतं आणि मी विचारते, ‘दिसलं का?’ मग ‘हो मॅडम, दिसलं’ हे आपसूक तोंडातून निघतं. माझ्या विद्यार्थिदशेत मीही तेच म्हटलं आहे, आणि कुणी पडताळून पाहिलं नाही, कारण पाहताच येत नाही. हेल्महोल्ट्झने १८५१ साली हे यंत्र जगापुढे आणलं; आजही साध्या डायरेक्टमधून एका वेळी एकच माणूस बघू शकतो. त्यातून जेमतेम पाच अंशांचा तुकडा दिसतो. मूल डिस्क बघतंय की नुसता लाल उजेड, हे शेजारी उभ्या असलेल्या मला कळायला मार्ग नाही.

म्हणून मोबाइल. फोटोसाठी नाही. मुलाला जे दिसतंय ते त्याच क्षणी मला दिसावं, एवढ्यासाठी.

शनिवार, १२ जुलै

तयार उपकरणं बाजारात आहेत, पण विभागाच्या खर्चात बसत नाहीत. मोबाइलचा फ्लॅश आणि कॅमेरा शेजारी-शेजारी असतात. समोर २० डायॉप्टरची (डायॉप्टर हे लेन्सच्या ताकदीचं माप) लेन्स धरली की मोबाइल इनडायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोपचं, म्हणजे लांबून लेन्समधून पडदा बघायच्या यंत्राचं, काम करतो. अडचण हाताची. एका हातात फोन, दुसऱ्यात लेन्स आणि पेशंटची पापणी धरायला तिसरा हात. सरावलेल्या माणसाला ते जमतं, पहिल्या दिवसाच्या मुलाला नाही. म्हणून फोन आणि लेन्स एकाच नळीला बांधायचं ठरवलं.

बोहरी आळीतून अडीच इंची पीव्हीसी पाइप, फूटभर कापून घेतला, साठ रुपये. फेल्टची पट्टी चाळीस. तपकीर गल्लीतून मोबाइलचा स्प्रिंगवाला क्लॅम्प एकशे ऐंशी. देशी बनावटीची २०ची लेन्स सहा हजार आठशेला मागवली. विभागातली चांगली लेन्स मुलांच्या हातात द्यायचा धीर झाला नाही.

याआधी मी एक चूक करून बसले होते. एका ओळखीच्याकडून लेन्सचं कडं थ्रीडी प्रिंट करून घेतलं, अकराशे रुपये. माप मी साध्या पट्टीने घेतलं होतं. कडं अर्ध्या मिलिमीटरने घट्ट आलं, लेन्स दाबून बसवताना तडकलं, आणि वेळ गेला तो वेगळाच. पाइपाच्या आत फेल्ट चिकटवला तर लेन्स मऊसूत बसते आणि काढताही येते. प्रिंटिंगच्या मागे लागायचं असेल तर आधी व्हर्नियर हातात घ्या.

मंगळवार, १५ जुलै

विभागातल्या रेसिडेंट डॉक्टरने स्वतःचा डोळा देऊ केला. पहिल्या दिवशी काहीही दिसलं नाही. मोबाइलच्या स्क्रीनवर पांढरं धुकं.

तीन कारणं निघाली आणि ती शोधण्यात तीन संध्याकाळी गेल्या. पहिलं, पाइप आतून पांढरा आणि गुळगुळीत, त्यामुळे फ्लॅशचा उजेड भिंतींवरून परत कॅमेऱ्यात येत होता. काळा रंग दिला तर तो चकाकला आणि वास दोन दिवस गेला नाही. शेवटी दहा रुपयांचा काळा, बिनचकाकीचा चार्टपेपर आत गुंडाळून सरकवला. काम झालं.

दुसरं, लेन्स उलटी बसली होती. कड्यावरची पांढरी रेघ पेशंटच्या बाजूला हवी. हे मला ठाऊक असून घाईत चुकलं. लेन्स उलटी असली की परावर्तनं हटत नाहीत. सुलटी असतानाही उजेडाचे दोन ठिपके दिसतातच. नळी अगदी थोडी तिरकी केली की ते दोन बाजूंना सरकतात आणि मधून पडदा दिसतो.

तिसऱ्याने सगळ्यात जास्त छळलं. फोनला तीन कॅमेरे. जवळचं काही दिसलं की फोन न विचारता मॅक्रोच्या कॅमेऱ्यावर उडी मारतो. तो कॅमेरा फ्लॅशपासून लांब, म्हणजे उजेड एका वाटेने आणि नजर दुसऱ्या वाटेने. त्यात ऑटोफोकस सारखा पुढे-मागे. ‘ओपन कॅमेरा’ हे फुकट अ‍ॅप टाकलं, मुख्य कॅमेरा कायम केला, फोकस हाताने लावून तिथेच ठेवला, एक्स्पोजर बरंच खाली आणलं. फ्लॅशवर मायक्रोपोर टेपचे दोन पदर. उजेड मंद झाला, पेशंट डोळा मिटेनासा झाला, आणि पडदाही जास्त स्वच्छ आला.

माझ्या फोनला लेन्सपासून अठरा सेंटिमीटर अंतर जमलं. तुमच्या फोनला वेगळं लागेल, म्हणून पाइप आधीच आखूड कापू नका. फोटो काढण्यापेक्षा व्हिडिओ चालू ठेवून नंतर चांगली फ्रेम उचलावी.

मंगळवार, २२ जुलै

मुलांनी पहिल्यांदा पेशंटच्या डोळ्यावर हात साफ करायचा, हे मला पटत नाही. म्हणून खोटा डोळा. हे आठ दिवस त्यातच गेले.

गोळ्यांची पाच सेंटिमीटर खोल प्लास्टिकची डबी घेतली. तळाला पडद्याचा छापील फोटो, तोंडाला ट्रायल सेटमधली (चष्म्याचा नंबर काढायच्या लेन्सांच्या पेटीतली) +२०ची लेन्स आणि त्यावर सात मिलिमीटरचं भोक पाडलेला काळा पुठ्ठा. +२०चं नाभीय अंतर पाच सेंटिमीटर, म्हणजे पडदा बरोबर फोकसवर. हिशोब पक्का होता. पण नळी लावली तर डिस्क टाचणीच्या टोकाएवढी.

फोटो मी खऱ्या मापाचा छापला होता, डिस्क दीड मिलिमीटरची. खरा डोळा साधारण ६० डायॉप्टरचा, म्हणून २०च्या लेन्सने प्रतिमा तिप्पट दिसते. माझी डबी २०ची, त्यामुळे प्रतिमा एकास एक. तिप्पट मोठा फोटो छापला, साडेचार मिलिमीटरची डिस्क, आणि खऱ्या डोळ्यासारखं दृश्य समोर आलं. पहिला छाप गुळगुळीत कागदावर होता, तोही चकाकत होता. साध्या मॅट कागदावर परत काढला.

आता सहा डब्या आहेत. एकीत नॉर्मल, एकीत मोठा कप, एकीत सुजलेली डिस्क, दोनांत मधुमेहाचे रक्तस्राव. सहावीत काहीच नाही, आत दुधी प्लास्टिकचा तुकडा. ती मुद्दाम केली आहे.

रिफ्रॅक्शनच्या खोलीतले दादा +२०च्या लेन्सा हरवल्या म्हणून शोधत होते. आधी सांगायला हवं होतं. माफी मागितली, आता रजिस्टरवर सही करून नेते.

सोमवार, २८ जुलै

पहिली बॅच. डब्यांवर दोन तास, मग पेशंट. दोन गोष्टी बिघडल्या आणि दोन्ही माझ्या हातून.

दुचाकीच्या अपघातानंतर उजव्या डोळ्याची नस दुखावलेला एक तरुण भरती होता. टॉर्च डाव्या डोळ्यावरून त्या उजव्या डोळ्यावर नेला की त्याची बाहुली आकसण्याऐवजी फाकते. हे चिन्ह पुस्तकात दहा वेळा वाचूनही लक्षात राहत नाही, एकदा बघितलं की विसरत नाही. पडदा दाखवायच्या उत्साहात मी सकाळी नऊलाच दोन्ही डोळ्यांत बाहुली फाकवायचे ड्रॉप्स टाकायला सांगितले. मुलं आली तेव्हा दोन्ही बाहुल्या फाकलेल्या, कशालाच दाद देईनात. दुसऱ्या दिवशी त्याला घरी सोडलं. बारा मुलांची ती संधी गेली.

आता भिंतीवर मोठ्या अक्षरांत कागद लावला आहे. आधी दृष्टी, मग बाहुली, मग बाजूने टॉर्च धरून बाहुलीच्या पुढची पोकळी उथळ नाही ना ते बघणं, मग रक्तदाबाची चौकशी, मग ड्रॉप्स. टॉर्च कानाच्या बाजूने धरल्यावर नाकाकडच्या बुबुळावर सावली पडली तर ड्रॉप्स टाकायचे नाहीत, मला बोलवायचं. रक्तदाब जास्त असेल तर फिनाइलएफ्रिन नसलेले, नुसत्या ट्रॉपिकामाइडचे ड्रॉप्स. बाहुलीची तपासणी मुलं आता स्लो-मोशनमध्ये टिपतात. एकाने टॉर्च हलवायचा, दुसऱ्याने चित्रण करायचं. साध्या नजरेला निसटणारी हालचाल त्यात नीट सापडते.

दुसरी चूक. मुलांनी एकमेकांच्या डोळ्यांत ड्रॉप्स टाकले. दुपारी एकला सगळी जेवायला निघाली, आणि पुण्यातली मुलं म्हणजे प्रत्येकाच्या हातात गाडीची किल्ली. ड्रॉप्सचा अंमल चार ते सहा तास राहतो, ऊन सहन होत नाही, जवळचं वाचता येत नाही. एक मुलगी पार्किंगमधून परत आली, ‘मॅडम, समोरचं सगळं पांढरं दिसतंय.’ सगळ्यांना परत बोलवून किल्ल्या काढून घेतल्या. यापुढे एकाच डोळ्यात, तेही आदल्या दिवशी सांगून, आणि त्या दिवशी येणं-जाणं पीएमपीच्या बसने.

गुरुवार, ३१ जुलै

दृष्टी मोजायला मुलांनी एक फुकटचं तक्त्याचं अ‍ॅप घेतलं. चष्मा नसलेली, डोळे ठणठणीत असलेली निम्मी मुलं ६/९ निघाली, म्हणजे ६/६ या पूर्ण दृष्टीपेक्षा कमी. पट्टी लावून बघितलं. तीन मीटरवरून बघायचं तर ६/६०चं, म्हणजे तक्त्यावरचं सगळ्यात मोठं, अक्षर जवळजवळ ४४ मिलिमीटर उंच हवं, पडद्यावर ते ३८ होतं. एकाच्या फोनवर डिस्प्लेचं माप बदललेलं होतं, म्हणून त्याच्यावर आणखी वेगळं. अ‍ॅप कुठलंही असो, पहिल्यांदा पट्टी लावून मोजायचं. पडद्याची चमक पूर्ण ठेवायची, अंतर टेपने मोजायचं, पावलांनी नाही. ज्यांना अक्षरं येत नाहीत त्यांच्यासाठी पीक अ‍ॅक्युइटी हे अ‍ॅप बरं पडतं. त्यात फिरता ‘ई’ असतो आणि पेशंटने नुसतं बोटाने दिशा दाखवायची असते.

गुरुवार, ७ ऑगस्ट

ही नोंद लिहायला जड जातंय, पण इतर कशाहीपेक्षा ती वाचली जावी असं वाटतं.

एका मुलाने स्वतःच्या फोनवर चित्रण केलं. चांगलं आलं म्हणून बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. व्हिडिओच्या सुरुवातीला दोन सेकंद टेबलावरचा केसपेपर दिसतो, त्यावर पेशंटचं नाव आणि निदान. ते चाळीस जणांकडे गेलं, शिवाय त्याच्या फोनचा बॅकअप आपोआप चालू असल्याने क्लाउडवरही. मुलाचा हेतू वाईट नव्हता. नियम करणं माझं काम होतं आणि मी केले नव्हते. पेशंटला आणि त्यांच्या मुलाला मी स्वतः जाऊन सांगितलं. ते रागावले, आणि त्यांचं बरोबर होतं.

त्याच दिवशी काम थांबवलं, एथिक्स कमिटीला कळवलं. दहा दिवसांचा खंड. आता विभागाचा एक जुना फोन, सिमकार्ड नाही, इंटरनेट बंद, बॅकअप बंद. मुलांचे फोन खोलीबाहेर. संमतीचा कागद साध्या मराठीत आहे, आणि ‘नाही’ म्हटलं तरी उपचारात फरक पडणार नाही हे वाक्य पहिल्या ओळीत. चित्रण संध्याकाळी विभागाच्या संगणकावर जातं आणि फोन रिकामा होतो. व्हिडिओच्या सुरुवातीला नाव नाही. मोठ्याने फक्त क्रमांक आणि ‘उजवा डोळा’ किंवा ‘डावा डोळा’.

सोमवार, १८ ऑगस्ट

काम परत सुरू. उजवा-डावा मोठ्याने बोलायची सवय आज दुसऱ्याच कारणाने कामी आली. इनडायरेक्टची प्रतिमा वर-खाली आणि डावी-उजवी, दोन्ही बाजूंनी उलटी असते. ती १८० अंशांत फिरवली की सरळ होते, हे मुलांना पाठ. पण काही व्हिडिओ फिरवल्यावर उलटे होत होते. फोन आडवा धरून चित्रण सुरू केलं की तो स्वतःच प्रतिमा फिरवून साठवतो, त्यामुळे कुठली आधीच फिरलेली आणि कुठली नाही, कळेना. एका मुलीने वरच्या बाजूचा रक्तस्राव खाली दाखवला आणि तिला समजेना आपलं काय चुकलं. ऑटोरोटेट बंद केलं. क्लॅम्पवर बाण काढला, फोन याच दिशेने. उजव्या डोळ्याच्या सरळ केलेल्या फोटोत डिस्क उजवीकडे आली पाहिजे, नाही आली तर थांबा.

गुरुवार, २१ ऑगस्ट

पावसाने लेन्सवर बुरशीचे धागे आले. डबा घट्ट बंद करून ठेवण्याने उलट जास्त आले, कारण पुसल्यावर दमट असतानाच बंद केला होता. आता पूर्ण वाळवून, सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवतो. सुदैवाने कडेलाच आहेत.

याच दिवशी एक सोपी गोष्ट सापडली. तीच लेन्स मोबाइलच्या कॅमेऱ्याला टेकवून धरली की डोळ्याचा पुढचा भाग मोठा आणि स्वच्छ येतो. फ्लॅशवर निळ्या जिलेटीन कागदाचे दोन थर, डोळ्यात फ्लोरेसिन या रंगाची पट्टी टेकवली, आणि वेल्डिंगवाल्याच्या बुबुळावरचा ओरखडा हिरवा चमकला. यात काही बिघडलं नाही.

मंगळवार, ९ सप्टेंबर

गणपतीत काम जवळपास बंद होतं. मुलं ढोल-पथकांत, रस्ते बंद, पेशंट कमी. विसर्जन सहा तारखेला झालं, पुढचे दोन दिवस सगळे झोपेत. वेळापत्रक आखताना हे दोन आठवडे धरूच नका.

मधल्या काळात व्हिडिओ परत बघितले तेव्हा खटकलं, की मुलं आता चांगला फोटो मिळवायच्या मागे लागली आहेत. फ्रेम सुंदर, आणि कप-डिस्क प्रमाण विचारलं तर ‘मॅडम, फोटोत बघून सांगतो.’ हे मला नको होतं. आजपासून नवा क्रम. नळीतून दिसलेलं आधी पेन्सिलीने कागदावर काढायचं, मग व्हिडिओ उघडायचा आणि चित्राशी ताडायचा. वेळ दुप्पट लागतो. दिवसाला बाराऐवजी सहाच मुलांचं होतं. तरी हेच ठेवणार.

गुरुवार, ११ सप्टेंबर

भोरच्या पुढे एका गावात शाळेत शिबिर. वर्गाला पडदे नव्हते. इतक्या उजेडात मोबाइलच्या पडद्यावर काही दिसेना. गावातल्या एका काकांनी घोंगड्या आणून खिडक्यांवर टांगल्या. सलग चालू राहिल्याने फोन तापला आणि फ्लॅश आपोआप बंद पडला. दुसरा फोन आणि पॉवर बँक नेलीच पाहिजे. एक वापरायचा, एक निवू द्यायचा. एका डोळ्यावर सलग मिनिटाच्या वर उजेड ठेवायचा नाही हा नियम मी आधीपासून पाळते, त्याने फोनही वाचतो.

मधुमेह असलेल्या एका आजींना ‘पुण्याला तपासायला चला’ म्हटलं तर त्या तयार नव्हत्या, नजर ठीक आहे म्हणाल्या. आमच्या विद्यार्थिनीने त्यांना त्यांचाच व्हिडिओ दाखवला आणि बोटाने रक्ताचे ठिपके दाखवले. आजी बराच वेळ बघत राहिल्या. ‘ह्ये माज्या डोळ्यात हाय व्हय?’ मग नातवाला हाक मारून त्यालाही दाखवायला लावलं. सोमवारी दोघं येणार आहेत. त्या मुलीने आजींना जे सांगितलं ते बरोबर होतं आणि सोप्या शब्दांत होतं. मी मध्ये पडले नाही.

गुरुवार, १८ सप्टेंबर

सप्टेंबरच्या बॅचची शेवटची तपासणी. सहा डब्या आणि चार पेशंट, डायरेक्ट आणि मोबाइल दोन्हींनी. पेशंटपैकी एका मावशींच्या उजव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू आहे, हे मी मुलांना सांगितलं नव्हतं.

अकरापैकी दहा जणांनी उजव्या डोळ्यापुढे लिहिलं, ‘पडदा दिसत नाही’. दुधी प्लास्टिकच्या डबीपुढे अकराही जणांनी. एकाने तर लिहून खोडलं, परत जाऊन बघितलं आणि पुन्हा तेच लिहिलं. जुलैतल्या कागदांशेजारी हे कागद ठेवले आहेत.

उरलेलं दुखणं लिहिते. बाहुली न फाकवता आमच्या नळीतून पडदा जवळजवळ दिसतच नाही, फ्लॅशने ती आणखी आकसते. रात्री दोन वाजता उलट्या आणि डोकेदुखी घेऊन आलेल्या माणसाची डिस्क सुजली आहे का, हे बघायला इंटर्नच्या हातात डायरेक्टच असणार, आणि डोक्याला मार लागलेला असेल तर बाहुलीवर लक्ष ठेवायचं असतं म्हणून ड्रॉप्स टाकता येत नाहीत. डायरेक्टवर मुलं आजही अडखळतात, अकरापैकी चारच जणांना मोठा कप ओळखता आला. डिस्क कशी दिसते हे त्यांना आता माहीत आहे, पण पाच अंशांच्या भोकातून ती शोधणं वेगळं. ऑक्टोबरच्या बॅचला सकाळचा पहिला अर्धा तास फक्त डायरेक्ट देणार आहे, त्याच डब्यांवर. त्यासाठी पुठ्ठ्याचं भोक तीन मिलिमीटरचं करून दोन डब्या कापायला घेतल्या आहेत.

आजवरचा खर्च, लेन्स धरून, वाया गेलेल्या अकराशेंसकट, आठ हजार चारशे रुपये. पाइपातला फेल्ट सुटायला लागला आहे, तो सोमवारी परत चिकटवायचा.